पहिली दोन पानं

प्रिय छकुले,

तीन वर्षांनी दादाचं पत्र आलं आणि तेही पत्त्यांबद्दल, हे पाहून तू कपाळाला हात लावशील. लाव. पण मधेच फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच. फोन करणार होतो, पण आपलं फोनवर काय होतं ते तुलाही माहीत आहे. तिसऱ्या वाक्याला भांडण. आणि भांडायला जो दम लागतो तो हल्ली माझ्याकडे उरलेला नाही. सकाळभर दुकानात लोकांच्या चष्म्यांची भिंगं घासून दुपारी घरी येतो, तेव्हा बूट काढायचासुद्धा कंटाळा येतो.

आई पोकर खेळते. हो, आपली आई. बाबा बोटीवर स्वयंपाकी होते, तेव्हा हा खेळ त्यांनी घरी आणला होता. तू लहान होतीस, तुला झोपवून दोघं खेळायची. आता ती मला कधी बाबा समजते, कधी भाडेकरू. तू कुठे असतेस हे रोज विचारते आणि रोज विसरते. पण जेवण झालं की शिवणकामाची बटणांची बरणी घेऊन बरोबर टेबलाशी येऊन बसते. शेजारचे पोस्टमास्तर येतात, आम्ही तिघं खेळतो. पैसे नाहीत, बटणं. खेळ झाला की औषध गुपचूप घेते. खेळ नाही झाला तर दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घेते, मग बाबापुता करून काही उपयोग नाही.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाला दोन पानं, स्वतःपुरती. मग मधे टेबलावर पाच पानं टप्प्याटप्प्याने उघडतात, ती सगळ्यांची. प्रत्येक टप्प्याला बटणं लावायची, नाहीतर पानं टाकून गप्प बसायचं. पण खरा खेळ पहिल्या दोन पानांतच असतो, हे मला कळायला फार दिवस लागले. दहातल्या सात वेळा ती टाकायचीच असतात गं. माझ्याच्याने टाकवत नाहीत. राजा-राणी, गुलाम-दश्शी असली मोठी जोडगोळी आली तर खेळावं. दोन सारखी आली, दोन नव्व्या, दोन राण्या, तर खेळावं. एक्क्याबरोबर तिर्री-चौकी आली की हुरळून जायचं नाही. एक्का दिसला की नवशिक्याचा जीव वरखाली होतो आणि तिथेच तो फसतो. बटणं लावायची पाळी पहिली असेल तर अजून हात आखडता घ्यायचा. शेवटी असेल तर बाकीच्यांनी काय केलं ते दिसतं, तेव्हा थोडी मोकळीक.

आणि आपल्या घराण्याची एक खोड सांगून ठेवतो, ती तुझ्यातही असणार. शिंपिणीची पोरं ना आपण, रंग जुळला की भुलतो. बदामाची नव्वी, बदामाची दुर्री, दोन्ही लालभडक, शेजारी शेजारी किती छान दिसतात! मी वर्षभर असली पानं खेळून हरलो. आई मात्र दुरून मापं घ्यावीत तसं एकदा बघते आणि टाकून देते. एक्क्यांची जोडी आली तर मात्र घर पेटलं तरी टाकायची नाही. आईने ती कधीच टाकलेली नाही. पोस्टमास्तर म्हणतात, बाईंनी सावकाश चष्मा पुसला की एक्के आलेच म्हणून समजावं.

आता सगळ्यात कठीण गोष्ट. पानं बघायच्या आधीच पाळीपाळीने एकाला एक बटण सक्तीने आत टाकावं लागतं. ते माझं असलं की मला पानं सोडवत नाहीत. सत्ती-दुर्री का असेना, आपलं आत गेलंय ना, मग खेळू. एकदा असाच बटणांमागे बटणं घालत बसलो, तेव्हा आई अगदी पूर्वीसारख्या आवाजात म्हणाली, "एक गेलं म्हणून बाकीची पण घालायची का रे?" पोस्टमास्तर हसले. मी उठून चहा ठेवायला गेलो आणि बराच वेळ आत थांबलो.

आपण शेवटचं भांडलो तेव्हा तू म्हणाली होतीस, आईला माझ्याकडे राहू दे, तुझ्या एकट्याच्याने होणार नाही. मी तुला काय काय बोललो ते सगळं मला आठवतंय. थोरला मी, ती राहते माझ्या घरी, म्हणजे माझं बटण आधीच आत. हट्ट होता, छकुले. माया होतीच, पण हट्ट जास्त होता.

मंगळवारी दुपारी पोस्टमास्तर आले नव्हते, आम्ही दोघंच खेळत होतो. सकाळी तिने माझ्या दुकानाच्या पांढऱ्या कोटाची सगळी बटणं कापून बरणीत टाकली होती, आणि मी दुपारपर्यंत गिऱ्हाइकांसमोर उघड्या कोटाने उभा होतो. ती बटणं तिने माझ्यासमोर डावात लावली. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो आणि तिच्यावर हात उगारला. मारलं नाही, पण उगारला. तिने चष्मा पुसायला काढला होता, तो तसाच मांडीवर राहिला. तिने पानं पालथी ठेवली, सगळी बटणं दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "घ्या तुम्ही." ती झोपल्यावर मी तिची पानं उलटून पाहिली. एक्क्यांची जोडी होती.

म्हणून हे पत्र. मी पानं टाकतोय, छकुले. रविवारी ये आणि आईला घेऊन जा. तू, तुझे मिस्टर, तुझी लेक चिमणी आणि आई मिळून तुम्ही चौघं व्हाल, डाव चांगला रंगेल. तोवर जोड्या पाठ कर. बरणी मी तिच्या कपड्यांबरोबर बांधून ठेवतो. कोटाची बटणं तिच्यातच राहू देत.

थकलेला, आणि तरीही तुझाच,
दादा