स्टोव्हवरच्या फळीवरची बाटली

अहो, ऐकलंत का,

मायना असाच लिही म्हटलं, म्हणून लिहून घेणारी हसतेय. ही इस्पितळातली समाजसेविका. मी बरी आहे. इथलं जेवण अळणी, अगदी तुमच्या हातचं. तुम्ही वेळेवर जेवता ना?

डॉक्टर दोन वर्षं साखरेच्या इंजेक्शनचा डोस वाढवत होते आणि मला रागावत होते. मी मान डोलवायची. हिने पहिल्याच दिवशी विचारलं, "आजी, बाटली ठेवता कुठे?" म्हटलं, "स्टोव्हच्या वरच्या फळीवर. तिथे उंदीर पोचत नाहीत." हिने पेन खाली ठेवलं. उष्णतेने औषधातला जीवच जातो म्हणे. एवढं साधं कुणी विचारलंच नव्हतं.

माझा डावा पाय गुडघ्याखाली काढलाय. लपवणार होते, पण मग पुढचं तुम्ही ऐकलं नसतं.

तुमचीही बाटली त्याच फळीवर आहे. ती आजच टाका आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जा. हिने तिथे बोलून ठेवलंय. नवी बाटली त्यांच्या फ्रीजमध्ये राहील, नर्स रोज घरी येऊन टोचेल. तिच्याशी भांडू नका. तिला पावलं दाखवा, बोटांच्या बेचक्यांसकट. दुखत नाही म्हणाल. मलाही दुखत नव्हतं.

आपल्या दोघांत आता तीन पाय उरलेत. तेवढे राहू द्या.

खालचा अंगठा माझाच,
तुमची म्हातारी