गोड्या मसाल्याच्या तीन वाट्या

३ ऑक्टो.
आमटी वेगळी लागली. बोलून गेलो. बेगम बाजारातलं नेहमीचं दुकान बंद झालं, म्हणून यंदाच्या मसाल्यात दगडफूल दुसरीकडचं. आणलं मीच. तेव्हापासून जिवाला घोर. सौ.ने पळी खाली ठेवली. "वेगळा लागत असेल तर दिवाळीचा मसाला बंद. लोक माझ्या हाताचा म्हणून नेतात." सूनबाई म्हणाली, "तसाच आहे, आई." सौ. म्हणाली, "तू करपलेलंही छानच म्हणतेस."
गप्प बसायला हवं होतं. पण खरंच वेगळा असेल तर?

५ ऑक्टो.
नात गार्गी कॉलेजात खाण्याच्या पदार्थांचंच शिकते. तिने दोन वाट्या आमटी माझ्यासमोर ठेवली. आजोबा, सारख्या की वेगळ्या? वेगळ्या. पुन्हा दोन. वेगळ्या. पुन्हा. वेगळ्याच.
पोरगी हसत सुटली. सगळ्या वाट्या एकाच पातेल्यातल्या!
सौ. डोळे पुसत हसली. "लग्नापासून हेच. शेगडी बंद असली तरी यांना गॅसचा वास येतो!"
मी सातवी पास, मला यातलं काय कळणार. वाटलं, जीभच गेली. गार्गी म्हणे, "जीभ ठीक आहे. तुम्हाला चुकायची भीती, म्हणून तुम्ही 'वेगळं' म्हणता. आईला आजीचं मन मोडायची भीती, म्हणून ती 'सारखं' म्हणते. आपण प्रश्नच बदलू."

६ ऑक्टो.
जुना मसाला डब्याच्या तळाशी थोडा उरलाय. दोन आमट्या, एक जुन्याची, एक नव्याची. वाट्या तीन. दोन वाट्या एका मसाल्याच्या, एक दुसऱ्याच्या. निराळी कोणती, एवढंच सांगायचं. 'सारख्या' म्हणायची सोय नाही. सूनबाईला घाम. मी उजवी म्हटलं, ती डावी.
उजवीच निघाली! आनंदाने ओरडलो आणि सौ.कडे पाहिलं. चेहरा उतरलेला.
गार्गी म्हणाली, "आजी, डोळे मिटून बोट ठेवलं तरी तिनात एकदा लागतंच. खूप माणसं हवीत."

८ ऑक्टो.
बरकतपुऱ्यातल्या भजनाच्या बायका आल्या. मला बाहेर बसवलं. माझ्या तोंडावर सगळं दिसतं म्हणे. पडद्याआडून ऐकतोय.
"मधली!"
"हौ, मधलीच."
"नक्को गं, पहिली."
सौ.चा आवाज सगळ्यांवर. "एकमेकींना सांगू नका गं! परीक्षेत कॉपी!" मग नुसता हशा. किती दिवसांनी असं हसली.
सगळ्यांना पुन्हा एकेक करून बसवलं. गार्गीची मोजणी अजून चालू आहे. निकाल नाही. तरी सौ.ने धणे भाजायला घेतलेत, मागून दगडफूल. वास बाहेर आला. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून,
"तुम्ही नाही!"