बाईसाहेबांकडून शिकलेलं फ्रेंच

सन्माननीय साडूभाऊ,

वयाने तुम्ही माझ्याहून लहान, पण बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून नात्याने थोरले. तेव्हा वाकून नमस्कार केला आहे असं समजून घ्या (कंबर धरली आहे, प्रत्यक्ष वाकणं डॉक्टरांनी बंद केलंय). तुमचा गुडघा कसा आहे? ताईंचं ब्लडप्रेशर? आणि तुमच्या दिवाणखान्यातला तो फ्रेंचचा डिप्लोमा? मागच्या खेपेस आलो तेव्हा त्याची चौकट खिळ्यावरून निसटायच्या बेतात होती. माझ्या लक्षात आलं होतं, पण पाहुण्याने कशाला बोलावं म्हणून गप्प बसलो. आता वाटतं, गप्प बसलो तेच बरं केलं. फक्त तुम्ही रोज बरोबर त्याच्याखालीच बसत जा. आम्ही सगळे इकडे आनंदात आहोत. सगळे म्हणजे मी सोडून.

पत्रास कारण तुमचा सल्ला. आमच्या लेकीचं लग्न ठरलंय हे तुम्हाला ठाऊक आहे. जावई फ्रेंच बोलणारा आहे, त्याचे आईवडील फ्रेंच सोडून काहीही न बोलणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं असं की लग्न त्यांच्या घरामागच्या बागेत व्हावं, दोन्हीकडची मिळून तीस माणसं असावीत. तीस! साडूभाऊ, माझ्या कारखान्यात चार वाजता चहा आला की त्याहून जास्त माणसं जमतात. मी शटर बनवणारा माणूस. या बाजारात ज्या ज्या दुकानाचं शटर वर जातं, त्यातलं निम्मं मी बसवलेलं आहे, आणि शटर बसवलेल्या प्रत्येक दुकानदाराने मला आपल्या पोराबाळांच्या लग्नाला बोलावलेलं आहे. मी गेलो, पुढच्या रांगेत बसलो, दुसऱ्यांदा वाढून घेतलं. त्या सगळ्यांना आता काय सांगू, बागेत जागा नाही? मला इथेच, मोठ्या हॉलमध्ये, आठशे माणसांचं लग्न हवं होतं, आणि ते व्याह्यांच्या गळी उतरवण्याइतकी जीभ देवाने मला दिलेली आहे. अडचण एवढीच की ती जीभ मराठीत आहे.

दुभाषी म्हणून लेक होती. पण व्हिडिओ कॉलवर मी चांगला घसा खाकरून, दोन विनोद आणि एक आठवण घालून, आठशे माणसांची बाजू मांडली, तर लेक चार शब्द बोलून मोकळी. पलीकडून विहीणबाई म्हणाल्या, "ओ." संपलं.

"अगं, मी केवढं बोललो!"

"बाबा, मी सारांश सांगितला."

"आणि विनोद?"

"ते सारांशात येत नाहीत."

तिलाही बागच हवी आहे हे मला तेव्हा कळलं. धंद्यात एवढी वर्षं काढल्यावर एक गोष्ट मी शिकलोय, की समोरच्या पार्टीच्या माणसाला आपल्या बाजूने बोलायला बसवू नये, मग तो माणूस आपल्याच पोटचा का असेना. व्याही-विहीण चार दिवस इकडे येणार होते. तोवर माझं मला बोलता यायलाच हवं होतं. सकाळच्या शिकवणीला जाऊन पेन टेबलावर आहे आणि पेन टेबलाखाली आहे इथवर माझी मजल गेलेली होती. नेमके तेव्हाच तुम्ही फोनवर आलात आणि म्हणालात, "शिकवणीने काय होणार? फ्रेंच मालिका बघा. खाली अक्षरं येतात ती मात्र बंद ठेवा. कान तयार होऊ द्या. लहान मुलं अशीच भाषा शिकतात." (शिकतात, कबूल. पण लहान मुलांना त्या भाषेत लग्नाची बोलणी करायची नसतात, आणि चुकलं तर लोक त्यांचे गालगुच्चे घेतात.)

कानाच्या बाबतीत मी जरा मानी आहे हे तुम्ही हेरलंत. रस्त्याच्या पलीकडे शटर वर जात असलं तरी कुठल्या बाजूची स्प्रिंग ढिली आहे ते मी पाठमोरा उभा राहून सांगतो. तेव्हा अक्षरं बंद केली आणि पहिल्यांदा एक पोलिसांची मालिका लावली. त्यात सगळे जण कोटाच्या कॉलरमध्ये तोंड घालून बोलतात, शिवाय पावसात, शिवाय चालत्या गाडीत. आठवडाभर ऐकल्यावर मला एवढंच समजलं की ज्या दुकानात खून झाला त्याच्या शटरला तेलपाणी नाही. इन्स्पेक्टरलाही ते शेवटपर्यंत कळलं नाही, तेव्हा मी फार मनाला लावून घेतलं नाही.

मग सापडली ती दुसरी मालिका. मोठं दगडी घर, इस्टेट, तीन मुलगे, त्यांच्या बायका आणि सगळ्यांच्या डोक्यावर एक म्हातारी विधवा. आमच्या घरात तिचं नाव पडलं बाईसाहेब. बाकीची मंडळी तोंडात गरम बटाटा धरल्यासारखी बोलायची, पण बाईसाहेब एकेक शब्द काउंटरवर नाणं वाजवून ठेवावं तसा ठेवायच्या. मी मनात म्हटलं, हीच आपली मास्तरीण. रोज कारखाना बंद करून यायचं, हातपाय धुवायचे आणि बाईसाहेबांसमोर बसायचं. शेजारी सौभाग्यवती माझ्या शर्टांची बटणं लावत बसायच्या. "तुला यात काय कळणार?" असं मी अधूनमधून विचारत असे, म्हणजे तिला वाईट वाटू नये. ती म्हणायची, "मी आपली साड्या नाहीत तर झगे बघते."

बाईसाहेबांची पद्धत मी नीट अभ्यासली. मुलगा येतो, सून येते, वकील येतो. खूप वेळ, खूप आरडाओरडा करून काहीतरी मागतात. बाईसाहेब मध्ये एक अक्षर बोलत नाहीत. शेवटी थोडं थांबतात, सावकाश उठतात, म्हणतात, "मला सगळं समजलेलं आहे," आणि हात पुढे करतात. समोरचा माणूस तो हात हातात घेऊन निघून जातो, आणि पुढच्या भागात तो देशोधडीला लागलेला असतो. काय ताकद! मी आरशासमोर थांबायला शिकलो, उठायला शिकलो. कारखान्यात फोरमन पगारवाढ मागायला आला तेव्हा त्याच्यावर प्रयोगही केला. पूर्ण ऐकून घेतलं, थांबलो, नुसतं बघितलं. तो म्हणाला, "मालक, दाढ दुखतेय का? मग उद्या येतो." आणि खरंच गेला! साडूभाऊ, त्या दिवशी मी तुम्हाला मनातल्या मनात धन्यवाद दिले होते. ते परत पाठवा.

मंडळी आली. व्याही गुरांचे डॉक्टर आहेत. आमच्या दारातून आत येताना त्यांना मान आणि खांदे दोन्ही तिरके करावे लागले. विहीणबाई शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत, आणि शाळा सुटली तरी त्यांची सुटलेली नाही. मी पुढे झालो आणि बाईसाहेबांच्या आवाजात, बाईसाहेबांच्या भुवयांसकट, खणखणीत फ्रेंचमध्ये म्हणालो, "तुम्हाला उशीर झाला. सामान इथेच राहू द्या." (स्वागताचं वाक्य बाईसाहेबांकडे नव्हतं. त्या कुणाचं स्वागत करत नाहीत.) गायीबैलांना दरडावणारा तो धिप्पाड माणूस, त्याने दोन्ही बॅगा जागच्या जागी ठेवल्या आणि हात मागे बांधून उभा राहिला. विहीणबाईंनी नवा विद्यार्थी एकदम वरच्या इयत्तेतला निघावा तसं माझ्याकडे बघितलं. लेकीचं तोंड उघडं ते उघडंच.

आणि तिथेच घात झाला. याला उत्तम फ्रेंच येतं, अशी त्यांची समजूत झाली. आता खरं सांगायला कोण तयार होईल? तुम्ही झाला असता? त्यानंतर ते माझ्याशी हळू बोलेनात, हातवारे करेनात, एकमेकांशी भांडतात त्या वेगाने माझ्याशी बोलू लागले. लेकीला मी स्वतःच सांगून बसलो होतो, "तू आता मध्ये पडू नकोस." ती पडली नाही. आयुष्यात एवढं एकच तिने माझं ऐकलं.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या चहानंतर बैठक बसली. विहीणबाईंनी पर्समधून चष्मा काढला, पुसला, आणि त्या सुरू झाल्या. मला दर चार शब्दांमागे एक समजत होता. बाग समजली. झाड समजलं. तीस तर तीनदा समजलं. मध्येच त्यांचा आवाज ओला झाला, व्याह्यांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं, तेव्हा मी ओळखलं की आता भावनेच्या जोरावर तीसच माणसं माझ्या गळ्यात मारायचा डाव आहे. म्हटलं, बोल बाई, बोल. मी एक अक्षर बोललो नाही. त्या थांबल्या. मीही थांबलो. मग सावकाश उठलो, कंबर सांभाळून, आणि म्हणालो, "मला सगळं समजलेलं आहे." आणि हात पुढे केला.

साडूभाऊ, माझ्या धंद्यात हात मिळवला की सौदा पक्का. त्यासाठी कागद लागत नाही. एवढ्या वर्षांत हात दिल्यावर मी एकदाही मागे फिरलेलो नाही, लोखंडाचा भाव रात्रीत दीडपट झाला तेव्हासुद्धा नाही. ही गोष्ट मला हात पुढे केल्यावर आठवली. तोवर व्याह्यांनी तो हात धरून, मला उचलून, छातीशी लावलं होतं. (कंबर कशी धरली ते आता कळलं असेल.) विहीणबाई डोळे पुसत होत्या. लेक धावत येऊन गळ्यात पडली. "बाबा, मला वाटलं तुम्ही कधीच ऐकणार नाही. माझ्यासाठी अख्खी भाषा शिकलात, आणि वर तीस माणसांना हो म्हणालात!" मी तिच्या खांद्यावरून समोर पाहिलं. भिंतीवर बाईसाहेब नव्हत्या. टीव्ही बंद होता.

आता तुम्हीच सांगा, तिथे मी काय म्हणायला हवं होतं? पेन टेबलाखाली आहे?

थोडक्यात, आठशे माणसांचं लग्न तुमच्या एका फोनपायी बागेत गेलं. आमच्या वाट्याला पंधरा माणसं आली आहेत. बाजारातून चाललो की दुकानदार विचारतात, "शेठ, बार कधी उडवताय?" आणि मी कानावर मोबाइल धरून, न आलेल्या फोनवर बोलत पुढे जातो. तुमच्यासारखा शिकलेला माणूस नात्यात असणं केवढं भाग्याचं असतं, हे मला आता पटलेलं आहे. ताईंना नमस्कार. गुडघ्याला जपा, पुढे त्याचं काम आहे.

आपला नम्र,
साडू

ता. क. १ : ते काम असं. आमच्या पंधरांत ताईंचं नाव आहे. नवरीची सख्खी मावशी, तिला कोण वगळणार? तुमच्या जागी फोरमन येतोय. कारखाना नुसती पत्र्याची शेड होता तेव्हापासून तो माझ्याबरोबर आहे आणि त्याने मला आजवर एकही सल्ला दिलेला नाही. मात्र आम्ही दोघेही तिकडे म्हटल्यावर आठवडाभर कारखाना कुणाच्या भरवशावर सोडायचा? तेव्हा तुम्ही इकडे येऊन राहा. सकाळी आठला उघडायचा, सातला बंद करायचा. पुढचं शटर जड आहे, वाकून उचलावं लागतं.

ता. क. २ : पाकीट चिकटवण्याआधी पत्र सौभाग्यवतींनी वाचलं. म्हणाली, "भावोजींना उगाच बोलताय. विहीणबाई काय म्हणाल्या ते मला कळलं होतं की." ती रोज दुपारी तेच भाग पुन्हा बघत होती, खाली अक्षरं लावून! मी हात पुढे करतोय आणि कशावर करतोय, हे त्या खोलीत तिला पक्कं ठाऊक होतं. मी विचारलं, "मग थांबवलं का नाहीस?" तर म्हणते, "आपल्या लग्नाला हजार माणसं होती. त्यांतली माझ्या ओळखीची किती, ते तुम्ही आजवर विचारलंत? दिवसभर अनोळखी माणसांना हसून हसून माझे गाल दुखत होते. माझ्या पोरीला सगळे चेहरे ओळखीचे असू देत." यावर मी थांबलो. उठलो. पण बाईसाहेबांचं वाक्य काही तोंडातून निघेना, कारण मला काहीच समजलेलं नव्हतं.

ता. क. ३ : सहा पानं पुन्हा लिहायला वेळ नाही, म्हणून पत्र आहे तसंच टाकतोय. यात जिथे जिथे तुम्हाला टोमणे आहेत ते वाचू नका, म्हणजे जवळजवळ वाचूच नका. फोरमनशी बोललो आहे, तो म्हणतो, "मालक, मला कुठे तिकडचं कळतंय, मी इकडेच शटर सांभाळतो, साहेबांना न्या." तेव्हा तुम्हीच चला. बागेत मी दहा मिनिटं बोलणार आहे, मराठीत. शेजारी उभं राहून तुम्ही ते फ्रेंचमध्ये सांगायचं, अकरा मिनिटं. सारांश केलात तर घरी परत आणणार नाही.