सापडल्यावरही शोधणं

धंतोली, नागपूर
फेब्रुवारी १९८६

ती. सौ. कौशल्यामावशीले प्रमोदिनीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? काकाजी खोकल्यासाठी ओवा चावून राहिले, की नुसताच खिशात घेऊन फिरून राहिले?

आर्वीचा मुलगा रविवारी तुझ्या घरी मले पाहाले येते, हे तुझं पत्र पोचलं. उत्तराले उशीर झाला, कारण आमचे मनोहरराव साहेब म्हणाले, कॉम्प्युटर पहिल्यासारखा पळाल्याशिवाय सुटी नाही. आणि त्याले मंद केलं होतं मीच.

त्याचं असं, की कॉम्प्युटरमध्ये बाकी सगळ्या प्रोग्रामांले कामाले लावणारा एक मुख्य प्रोग्राम असते, घरात तू असते तसा. त्यातलं कोणतं फंक्शन, म्हणजे एकेका कामाचा तुकडा, केव्हा चाललं, यावर नजर ठेवणारा कोड मी लिहिला. फंक्शन चाललं, की माझा कोड त्याचं नाव सगळ्या फंक्शनांच्या यादीत शोधणार. (बाजूच्या टेबलावरचे देवराव म्हणाले, झकास. स्वभावच चांगला आहे त्यांचा.) चालू केला, अन् अगा बाप्पा! मशीन रांगाले लागली. साहेबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. मी कोड वाचू वाचू थकली. (देवरावांनी तर्री-पोहे आणले. तर्री वेगळ्या डब्यात, मले तिखट सोसत नाही म्हणून.)

शेवटी उजेड पाडला आमच्या नत्थूजी शिपायानं, आणि त्याले अजून त्याचा पत्ता नाही. साहेबांनी त्याले सांगितलं, सगळ्या खोल्या पाहून टायपिस्ट वच्छलाबाईले बोलावून आण. बाई पहिल्याच खोलीत भेटल्या. पण हुकूम सगळ्या खोल्यांचा! नत्थूजी पुढे, दारोदारी "वच्छलाबाई हायेत का?" विचारत, अन् मागे वच्छलाबाई, "अरे, मी हाओ ना!" म्हणत. हसता हसता मी खुर्चीवरून उठलीच. माझा कोडही हेच करून राहिला होता! नाव सापडलं तरी लूप, म्हणजे शोधाची फेरी, यादीच्या टोकापर्यंत जाऊन येत होती, दरवेळी. सापडलं की बाहेर पड, एवढी एक ओळ टाकली, अन् मशीन अशी सुटली की साहेबांनी स्वतः पेढे मागवले. (देवरावांनी त्यांचा अर्धा मले दिला.)

एकूण मी मजेत आहे, काळजी करू नको.

तुझी लाडकी
प्रमोदिनी

ता. क. सुटी मंजूर झाली.

ता. क. पण आर्वीवाल्यांले येऊ नका म्हणून कळव. काहून म्हणशील, तर वरचे कंस पुन्हा वाच. सापडल्यावरही तू शोधूनच राहिली वं मावशी!

ता. क. देवरावांची आई धरमपेठेत राहते. रविवारी तूच इकडे ये अन् तिच्याशी बोल. देवरावांले मी अजून काहीच सांगितलं नाही.