हवा भरण्याचा श्लोक

रविवार, २४ ऑगस्ट १९८६. त्रियोले.
बंदूक आली. गजेंद्रने मँचेस्टरहून पाठवली. त्याच्या हॉस्पिटलातला एक सहकारी सुट्टीवर आला, तो देऊन गेला. चहाही न घेता गेला, बस चुकेल म्हणाला. पोलिसांचा कागद वगैरे रीतसर आहे.
मी मुलाला लिहिलं होतं की यंदा लेचीला मोहर उदंड आहे, कोंदे पक्षी एक फळ ठेवणार नाहीत, एकट्याने किती हाकलायचे. त्यावर त्याने बंदूक पाठवली. समजूतदार मुलगा.
नवीन तऱ्हा आहे. हिच्या पोटात आधीच दाबून हवा भरून ठेवायची, मग तीसेक बार निघतात. सोबत पितळी तोंडाची नळी, नळीवर दाब दाखवणारं काट्याचं घड्याळ, आणि चार पानी इंग्रजी माहितीपत्रक.
निश्चय: आठवड्यात हवा भरणे.

सोमवार, २५ ऑगस्ट.
माहितीपत्रक वाचलं. नुसतं गद्य. असलं काही डोक्यात राहत नाही. चौतीस वर्षं संध्याकाळच्या वर्गात मराठी शिकवलं, त्यातून शिकलो ते एवढंच की जे वृत्तात बसतं ते टिकतं. म्हणून सगळ्या सूचना भुजंगप्रयातात बांधल्या.

नळी लाव हाते, हळू चक्र फीरे,
नळीतून वारा सुखाने शिरे रे,
पुढे पाहि काटा, न घाई करावी,
भरे पोट तेव्हा नळी सोडवावी.

चार वेळा मोठ्याने म्हटला. घरात आवाज छान घुमतो, सामान कमी असल्यामुळे.
एक कलम राहिलं: नळी लावण्याआधी बंदुकीचा बोल्ट, म्हणजे मागचा खटक्याचा दांडा, मागे ओढून ठेवावा. पण ‘आधी’ दीर्घाने सुरू होतो आणि भुजंगप्रयात लघूने. बसेना. किरकोळच आहे. माहितीपत्रक ट्रंकेत टाकलं. आता त्याची गरज नाही.

बुधवार, २७ ऑगस्ट.
सायकलच्या पंपाने प्रयत्न. दोनशे दहा वेळा दाबला. काटा जागचा हलला नाही. शेजारच्या कुंतीबाई कुंपणावरून म्हणाल्या, आयो मास्टर, पंप दिसतोय, सायकल कुठं हाय? मी पंप दाबत राहिलो. शास्त्रीय कामात बोलू नये.
दुपारी पाठ धरली.

शनिवार, ३० ऑगस्ट.
त्रू-ओ-बिशला जाऊन आलो. तिथे समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या हवेच्या बाटल्या भरतात. फिलाओच्या झाडाखाली कंप्रेसर धडधडत होता आणि कंप्रेसरजवळ इंद्रदेव! माझाच विद्यार्थी, १९४९ ची तुकडी. कवितेत अत्यंत कच्चा. पाठांतर नाही म्हणून दोनदा वर्गाबाहेर उभा केला होता, तिसऱ्यांदा तो आपणहूनच परत आला नाही. आता केस पांढरे झालेत. मला बघून हातातली सिगरेट लपवली.
त्याने नळी बाटलीला जोडली, चावी उघडली. हवा बंदुकीत गेली आणि बंदुकीच्या तोंडातून, म्हणजे जिथून गोळी निघते तिथून, फुस्स करून बाहेर आली. जेवढी भरावी तेवढी बाहेर. इंद्रदेव म्हणाला, कागदात काय लिहिलंय मास्टर? मी श्लोक म्हणून दाखवला. त्याने मान डोलावली. म्हणाला, मग आपण करतोय ते कोरेक. म्हणजे बरोबर. वॉशर खराब असेल, पुढच्या शनिवारी पाहू.
त्याची बायको विद्यावती चहा घेऊन आली. नको म्हणालो होतो. दोन कप झाले. गातो-पिमां, म्हणजे डाळीची तिखट भजी, सहा.

रविवार, ७ सप्टेंबर. गणेश चतुर्थी.
देवळात आरती. सर्वांनी विचारलं, गजेंद्र येणार का यंदा? म्हटलं, लेचीच्या दिवसांत येईल. असं त्याने लिहिलेलं नाही, पण लिहिणार आहे.
काल त्रू-ओ-बिशला गेलो नाही, मोदकांचा नारळ खवत होतो. शनिवार फार लांबलचक झाला.

शनिवार, १३ सप्टेंबर.
वॉशर बदलला. फुस्स.

शनिवार, २० सप्टेंबर.
बसमध्ये कंडक्टर लांबोड्या पिशवीकडे बघून म्हणाला, तोंतों (म्हणजे काका), यात काय, व्हायोलिन? म्हटलं, तसंच. पूर्ण बस माझ्याकडे आदराने पाहू लागला. एका बाईने जागा दिली.
आज वॉशरला ग्रीस लावलं. फुस्स. इंद्रदेवचं मत, हवेत ओल आहे. माझं मत, त्याचा हात घाई करतो. तिसरी ओळ पुन्हा समजावली.
विद्यावती म्हणाली, मास्टर, तुमी हप्त्यातनं एकदाच बोलता का हो? इतकं बोलणं साठवता कुठं? भोळी बाई आहे. मी तांत्रिक सल्ल्यासाठी जातो. जेवणाला डाळपुरी होती.

शनिवार, ४ ऑक्टोबर.
विलक्षण घडलं. मी पोचलो तेव्हा इंद्रदेवची पाठ माझ्याकडे होती. कंप्रेसरच्या धडधडीवर ताल धरून तो म्हणत होता, “पुढे पाहि काटा, न घाई करावी.” पुढची ओळही म्हटली. एकही चूक नाही. सदतीस वर्षांनी इंद्रदेवला कविता पाठ झाली!
मला पाहून लाजला. म्हणाला, बाटल्या भरताना आपोआप तोंडात येते, आणि विद्यावतीला तर भात शिजवतानासुद्धा येते.
फुस्सचं फारसं वाईट वाटलं नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर. पहाटे.
झोपेतून उठल्या उठल्या ते राहिलेलं कलम आठवलं. बोल्ट.
चहा केला. विचार केला. एवढ्याशा बोल्टने काय होणार?
ट्रंक उघडली. माहितीपत्रक वाचलं. बोल्ट मागे नसला तर आतला हातोडा झडपेवर टेकून राहतो आणि हवा पुढून निसटते, असं स्पष्ट लिहिलंय. ठळक अक्षरांत. चौकटीत.
ट्रंक बंद केली.

शुक्रवार, १० ऑक्टोबर.
उद्या सांगायचं ठरवलं. आधी विचारपूस, मग सहज बोलल्यासारखं.

शनिवार, ११ ऑक्टोबर.
सांगितलं नाही. इंद्रदेवने मोठ्या मेहनतीने चामड्याचा नवा वॉशर कापून ठेवला होता. माणसाच्या उत्साहावर पाणी ओतणं शिक्षकाला शोभत नाही. शिवाय त्यांच्या ओसरीत खडूने श्लोक लिहिलेला दिसला. विद्यावतीने लिहिलाय. ‘सोडवावी’तला ड उलटा पडला आहे. पुढच्या शनिवारी तो ड दुरुस्त करायला हवा. तेवढ्यासाठी तरी जावंच लागेल.

शनिवार, २५ ऑक्टोबर.
फुस्स. फणसाची भाजी.

रविवार, २ नोव्हेंबर.
दिवाळीला दिवे लावले. बत्तीस लावायचे होते, बाराच लावले, वाऱ्याने टिकत नाहीत. कुंतीबाई लाडू देऊन गेल्या. त्यांच्याकडे सगळी नातवंडं आली आहेत. मी म्हटलं, गजेंद्र पुढल्या महिन्यात येतोय. त्या म्हणाल्या, व्हय, व्हय. दोनदा म्हणाल्या.

बुधवार, १२ नोव्हेंबर.
गजेंद्रचं कार्ड. नाताळात ड्यूटी, पुढल्या वर्षी नक्की. तळाशी: बंदूक चालते ना?
उत्तर लिहिलं: उत्तम चालते.

शनिवार, २२ नोव्हेंबर.
आज झालं. इंद्रदेव आत काही अडकलंय का ते बघत होता. त्याने बोल्ट मागे खेचला, खट् आवाज आला, आणि तसाच मागे राहिला. मग त्याने सहज चावी उघडली. फुस्स नाही. काटा चढत गेला, हजार, पंधराशे, दोन हजार. मग विद्यावतीने टाळ्या वाजवल्या आणि पलीकडच्या होड्यांवरचे लोक पाहू लागले.
इंद्रदेवने बोल्टवर बोट ठेवलं. म्हणाला, मास्टर, हे श्लोकात नव्हतं.
मी म्हटलं, कवी सगळं सांगत नसतो.
तो म्हणाला, व्हय, बरोबर. आणि त्याने ते मानलं. चेहऱ्यावर तसूभर शंका नाही. हा मुलगा वर्गात असा असता तर! जेवण नेहमीपेक्षा कमी गेलं.
निघताना त्याने एक जुनी छोटी बाटली दिली, काठोकाठ भरून. म्हणाला, वर्षभर पुरेल मास्टर, या वयात आता बसचा त्रास नको. विद्यावतीने लोणच्याची बरणी दिली. दोघं बसथांब्यापर्यंत पोचवायला आली. बस सुटल्यावर मी हात केला. ती दोघं तोवर वळली होती.

शनिवार, २९ नोव्हेंबर.
बंदूक भरलेली आहे. आठवड्यात हवा किंचितही उतरली नाही. उत्तम यंत्र.
एक बार काढला, सार्डिनच्या डब्यावर. लागला. डबा उचलून पुन्हा ठेवला. कोंदे फळं खात होते, खाऊ दिले. तेही गेले तर अंगणात काहीच हलणार नाही.
नवा श्लोक करायला बसलो. विषय सुचला नाही.
सकाळी नऊ. साडेनऊ. दहा.

गुरुवार, ४ डिसेंबर.
दुपारी छोट्या बाटलीची चावी तपासली. तपासणं आवश्यक होतं. अशा वस्तू पडून राहिल्या की बिघडतात. पूर्ण उघडून पाहिली, सुमारे अर्धा तास. हवा सतत बाहेर येत होती. माझा संशय खरा ठरला: बाटली गळते. मग बंदुकीतही काही दोष आहे का पाहावं म्हणून उरलेले बार हवेत काढले. आता तीही रिकामी आहे. दोन्हीकडे एकाच वेळी बिघाड, हा निव्वळ योगायोग.
शनिवारी त्रू-ओ-बिशला दाखवून आणायला हवी. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे.
कुंतीबाई म्हणाल्या, मास्टर, चावी तर तुमीच खोललीत, मी बघितलं ना, खुर्ची घेऊन शेजारी बसला होता.
त्यांना कुंपणापलीकडून नीट दिसत नाही.