तोंडात धरलेलं पाणी

मास्तर, मी आता तुमच्यापेक्षा वयानं मोठा झालो आहे, तेव्हा कुठे तुम्हाला लिहायला बसलो. तुम्ही मला जन्मात एकदाही मारलं नाहीत. मारलं असतंत तर बरं झालं असतं.

अमरावतीच्या आपल्या शाळेत मॅट्रिकचा वर्ग निघाला तो कापसाच्या जोरावर. बाजारात प्रत्येक गाडीमागे देवळासाठी धर्मादाय काढायची रीत होती, तो तुम्ही शाळेला मागितलात. पुस्तकं, नकाशे, इंग्रजी शिकवायला दुसरा मास्तर, सगळं त्यातून व्हायचं होतं. अडत्यांच्या गाद्यांपुढे तुम्ही रोज उभे राहायचात आणि मी तुमची छत्री धरून मागे. अमेरिकेतली लढाई थांबली, तिकडचा कापूस पुन्हा विलायतेला जाऊ लागला आणि आपल्याकडचा भाव उतरू लागला, तेव्हा थोरल्या अडत्यानं तुम्हाला बोलावून घेतलं. "मास्तर, देवाचं काढून तुमच्या पोरायले देऊन राहिलो. यंदा एक तरी पास झाला पायजे, नाही तं धर्मादाय पुन्हा देवळाले." तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "याले पाठवतो मी," म्हणालात. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना.

बोलत बोलत लिहायची खोड आम्हा सगळ्यांचीच होती. पावकी-निमकीच्या पाढ्यांपासून सगळं मोठ्यानं म्हणून शिकलेलो. तोंड बंद झालं की डोकंही बंद. परीक्षा मात्र गुपचूप लिहायची, हे तुमच्या ध्यानात आलं तेव्हा दोनच महिने उरले होते. मी भूमितीचा सिद्धांत लिहितो आहे आणि सुरात म्हणतोही आहे. तुम्ही पाटीवर पंजा ठेवता. "कावून बडबडून राहिला? मुंबईचा साहेब कानानं पेपर तपासत नाही." मग घरातून तांब्या येतो. तोंडात पाण्याचा घोट धरायचा आणि लिहायचं. गिळला की पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळपर्यंत गाल ठणकायचे. बडनेऱ्याला मुंबईच्या गाडीत बसवताना तुम्ही तुमचा फिरकीच्या झाकणाचा तांब्या माझ्या हातात दिलात. "भेऊ नको. येतं तुले सगळं."

येत होतं, मास्तर. भूमितीचा पेपर हाती आला आणि एकूण एक प्रश्न येत होता. पाणी तोंडात धरलं, तोच तो अडत्या डोळ्यांपुढे आला आणि घोट गिळला गेला. दुसरा घेतला, तोही गेला. तांब्या रिकामा झाला आणि मी बोलू लागलो. आधी पुटपुटत, मग वर्गात म्हणायचो तसा, सुरात. पहाऱ्यावरच्या साहेबानं दोनदा तंबी दिली. मला कळत होतं, पण थांबता येत नव्हतं. तिसऱ्यांदा त्यानं कागद ओढून घेतला आणि दाराकडे बोट केलं.

परतल्यावर तुम्ही विचारलंत, "कसा गेला?" दोन रात्री गाडीत मी हेच ठरवत होतो. म्हणालो, "आपण शिकलो त्यातलं पेपरात काही आलंच नाही." तुम्ही मला जेवायला बसवलंत.

धर्मादाय देवळाकडे गेला, वर्ग मोडला. तुम्ही अकोल्याला जाऊन लहान मुलांना उजळणी शिकवत राहिलात. कुणी विचारलं की सांगायचात, पोरगं हुशार होतं, मीच भलतं शिकवलं. हे मला दुसऱ्यांकडून कळायचं. मी येतो येतो म्हणत राहिलो आणि भीतीनं आलो नाही. मग तुम्ही गेल्याचंच कळलं.

आता मीही मास्तर आहे. लिहिताना तोंडून शब्द निघायची खोड अजून गेलेली नाही. ओसरीवर माझा वर्ग बसला आहे, त्यांच्या कानी पडू नये म्हणून तुमच्याच तांब्यातलं पाणी तोंडात धरून हे लिहितो आहे. मघाशी, तुम्हाला दिलेलं ते उत्तर लिहिताना, घोट गिळला गेला. तुमच्या नियमाप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून लिहायला हवं होतं. धीर झाला नाही. तांब्यातून दुसरा घोट घेतला आणि तसाच पुढे लिहीत गेलो.