टेकडीवरची हाक

लीड्स
१५ नोव्हेंबर १९८७

ती. ताईस मधूचा साष्टांग नमस्कार. साष्टांग कागदावरच बरा, गुडघे आता ऐकत नाहीत.

थंडी सुरू झाली. काल वांग्याचं भरीत केलं, एकटीला फार झालं. आजही तेच खाल्लं. तू नाक मुरडलेलं इथून दिसतंय.

माझ्या वॉर्डात व्हिटलॉक नावाचे म्हातारे पेशंट होते. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "काय बाई, जेवलासा का?" मी थक्क! तरुणपणी मराठा पलटणीत अधिकारी होते, जवानांकडून भाषा शिकले. माधव गेल्यापासून घरात मराठी बोलायला कुणी नाही, म्हणून ड्यूटी संपली तरी मी त्यांच्याशी बोलत बसायची.

महायुद्धात ते वायव्य सरहद्दीवरच्या एका किल्ल्यात होते. बरीच फौज आफ्रिकेला गेलेली, आत मूठभर माणसं. समोरच्या टेकडीवर चौघांची चौकी. तिन्हीसांजेला तिथून हाक यायची, "हायसा का रं?" किल्ल्यातले एकदम ओरडायचे, "हाय की!" रोजचा रिवाज. पुढे टोळीवाल्यांनी वेढा घातला. आवाजावरून आपण किती थोडे आहोत हे त्यांना कळेल, म्हणून व्हिटलॉकसाहेबांनी हुकूम दिला, कुणी ओ द्यायची नाही. टेकडीवर हे कळवायला वाटच नव्हती. चौघं हाका मारत राहिले. शेवटी किल्ल्यातले सगळे मेले असं समजून बघायला खाली उतरले आणि वाटेतच गोळ्या लागून गेले.

"बाई, माझं चुकलं का वो?" साहेब मला विचारायचे. "लढाई होती, साहेब," मी म्हणायची. त्यावर ते भिंतीकडे तोंड करायचे.

मंगळवारी ते गेले. शेवटी "हायसा का रं?" एवढंच पुटपुटत होते. मी हात धरून मोठ्याने म्हटलं, "हाय की!" सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. बघू देत.

ताई, माधव गेल्यावर तू म्हणालीस, परत ये. मी नाही म्हटलं. तेव्हापासून माझ्या एकाही पत्राला तुझं उत्तर नाही. मी अजूनही येणार नाही. माझं काम इथे आहे, माधवचा नि माझा संसार झाला ते घर इथे आहे. तू राग धर, माझी तक्रार नाही. पण तुझ्याकडे फोन नाही, आणि तू गप्प बसलीस की माझ्या मनात नको नको ते येतं. फार भीती वाटते गं.

हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण लिही.

तू आहेस असं धरून चालणारी,
मधू